फोटोच्या पाठीवर

जुन्या अल्बममधले फोटो मी कोपऱ्यांतून अलगद सोडवते आणि उलटे करून पाहते. पाठीवर कुणीतरी शाईच्या पेनाने तारीख टाकलेली असते, उभे कोण आणि बसलेले कोण ते डावीकडून उजवीकडे लिहिलेलं असतं. एका फोटोमागे आजोबांनी एवढंच लिहिलं आहे : ‘ऊन फार. सगळ्यांचे डोळे मिटलेले.’ मिटलेले डोळे पुढच्या बाजूला दिसतातच, पण ते का मिटले हे पाठ सांगते. ‘ऊन फार’ एवढं वाचलं की त्या फिकट करड्या चित्रातलं ऊन मला चटका देऊ लागतं.

डिजिटल फोटोलाही अशी पाठ असते. कॅमेरा किंवा फोन चित्र साठवतो तेव्हा ठिपक्यांच्या आधी, फाइलच्या सुरुवातीलाच, माहितीचा एक कप्पा भरून ठेवतो. त्याला एक्झिफ म्हणतात. १९९५ साली जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या जेइडा या संघटनेने या कप्प्यात कोणते रकाने असावेत हे ठरवून दिलं, आणि पुढे बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांनी आणि फोनांनी ते उचललं.

आईचा एक फोटो माझ्याकडे आहे. ती खिडकीशी बसून वाचते आहे, बाहेर पाऊस आहे, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि पुस्तक नाकाशी धरलेलं. त्याची पाठ उघडली की कळतं : शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडं होतं, आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १६००, भिंगाचं छिद्र एफ १.८. म्हणजे उजेड कमी होता. वेळ सेकंदापर्यंत दिलेली आहे. अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंद अशा तुकड्यांत आहेत आणि प्रत्येक तुकडा अपूर्णांक म्हणून लिहिलेला आहे. हे सगळं खरं आणि नेमकं आहे, पण ते कॅमेऱ्याविषयी आहे. त्या संध्याकाळी हवा इतकी दमट होती की पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटत होती आणि आई प्रत्येक पान फुंकर मारून सोडवत होती. ते त्यात कुठेच नाही.

आणि ते ठाऊक असलेली यंत्रं त्याच खोलीत होती! भिंतीवरचं तापमापक खोलीचं तापमान आणि हवेतली आर्द्रता मोजत होतं. आईच्या मनगटावरचं घड्याळ तिची नाडी मोजत होतं, माझ्या मनगटावरचं माझी. हवेचा दाब मोजणारा सेन्सर तर फोनच्या पोटातच होता. फोटोने यांपैकी कुणालाही काही विचारलं नाही.

त्याने विचारायला हवं, असं मला फार वाटतं. शटर दाबल्याबरोबर फोटोने आसपासच्या यंत्रांकडून त्या क्षणाची माहिती घ्यावी आणि ती स्वतःच्या पाठीवर लिहून ठेवावी. पण माहिती कुणी दिली तेही सोबत लिहावं, आणि माहिती एखाद्या माणसाची असेल तर त्या माणसाला आधी विचारावं. या दोन अटींशिवाय हे काम होऊ नये, आणि आज त्यांचाच विचार सगळ्यांत कमी होतो.

फोटोवर काहीतरी लिहून ठेवण्याची ओढ मात्र जुनी आहे. १९१४ साली कोडॅकने ‘ऑटोग्राफिक’ नावाचे कॅमेरे आणले. त्यांच्या पाठीला एक अरुंद झडप असे. फोटो काढून झाला की झडप उघडायची, धातूच्या टोकदार काडीने आतल्या कागदावर लिहायचं आणि काही सेकंद झडप उजेडाकडे धरायची. फिल्म आणि तिच्यामागचा कागद यांच्यामध्ये कार्बनचा पातळ थर असे. काडीच्या दाबाने तो जिथे बाजूला होई तिथून प्रकाश आत शिरे आणि दोन चित्रांमधल्या जागेत अक्षरं उमटत. ही कल्पना हेन्री गेइसमन यांची. कोडॅकने ती ३,००,००० डॉलर देऊन विकत घेतली, म्हणजे या ओढीची किंमत कंपनीला तेव्हाही कळली होती. नंतर फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापणारे कॅमेरे आले. जंगलात झाडाला बांधून ठेवतात ते कॅमेरे तर आजही चित्राखालच्या पट्टीत तापमान आणि चंद्राची कला छापतात. रात्री पाण्यावर कोणता प्राणी कधी येतो हे शोधणाऱ्याला त्या पट्टीचा चित्राइतकाच उपयोग होतो.

एक्झिफमध्येही हवामानाचे रकाने आहेत. २०१६ सालच्या २.३१ या आवृत्तीत तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, पाण्याची खोली, त्वरण आणि कॅमेऱ्याचा वर-खाली कोन अशी जागा करून दिली गेली. (फोटोची वेळ जगाच्या कोणत्या कालविभागातली आहे हे लिहायचा रकानाही त्याच आवृत्तीत आला. त्याआधीची वीस वर्षं फोटोवर नुसते तास-मिनिटं असत, कुठल्या देशाचे ते आपण ओळखायचं!) तापमान सेल्सिअसमध्ये, दाब हेक्टोपास्कलमध्ये, खोली मीटरमध्ये. या रकान्यांतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे ‘माहीत नाही’ असं लिहिण्याची सोय. अपूर्णांकाच्या छेदात एक ठरावीक संख्या घातली की वाचणाऱ्याला कळतं, इथे मोजमाप झालेलं नाही. शून्य अंश आणि ‘माहीत नाही’ यांतला फरक ज्याने जपला, त्याला नोंद म्हणजे काय ते कळलं होतं.

तरी बहुतेक फोटोंत हे रकाने नसतातच, कारण साध्या फोनला बाहेरच्या हवेचं तापमान किंवा आर्द्रता मोजता येत नाही. त्याच्या आत उष्णता मोजणारे सेन्सर असतात, पण ते बॅटरीची आणि प्रोसेसरची काळजी घेण्यासाठी. २०१३ सालच्या गॅलेक्सी एस४ या फोनमध्ये हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजायची सोय होती, पण ती चाल पुढे रुळली नाही. खिशात आणि तळहातात राहणारं यंत्र हवेइतकं थंड राहणार कसं? काही पाणबुड्या कॅमेऱ्यांत तापमान, दाब आणि खोलीचे सेन्सर असतात आणि तिथे ते शोभतातही, कारण कॅमेरा स्वतःच पाण्यात असतो. बाकीच्यांना शेजाऱ्याकडून उसनं घेणं भाग आहे.

हे उसनं घेणं आता नेहमीचं झालं आहे. जीपीएस नसलेला कॅमेरा ब्लूटूथने खिशातल्या फोनकडून ठिकाण मागून घेतो आणि आपल्या फोटोत लिहितो. निकॉनने २०१६ मध्ये कॅमेरा आणि फोन जोडणारी स्नॅपब्रिज ही सोय आणली त्यात हे होतं, इतरांकडेही आहे. गार्मिनचा २०१३ सालचा वर्ब इलीट हा कॅमेरा छातीच्या पट्ट्यावरून हृदयाची गती घेऊन ती व्हिडिओवर दाखवू शकत होता. हृदयगती कशी सांगायची, तापमान आणि आर्द्रता कशी सांगायची, हे ब्लूटूथच्या मानकात ठरलेलं आहे. बरीच छोटी तापमापकं तर कुणी विचारायची वाटही पाहत नाहीत. ठरावीक वेळाने आपला आकडा हवेत सोडून देतात, जेमतेम ३१ बाइटांच्या संदेशात. फोनने नुसते कान उघडे ठेवायचे.

खरी गुंतागुंत यानंतर सुरू होते.

शटर दाबल्यावर फोटो थांबत नाही. शेजारच्या यंत्राची वाट पाहायला त्याच्याकडे वेळ नसतो, म्हणून फोनला शेवटचा ऐकलेला आकडा जवळ ठेवावा लागतो आणि तोच लिहावा लागतो. म्हणजे प्रत्येक आकड्याला वय असतं. तापमानाचं वय पाच मिनिटं असलं तर बिघडत नाही. नाडीचं तसं नाही. पुष्कळशी घड्याळं माणूस शांत बसलेला असताना नाडी सतत मोजत नाहीत, काही मिनिटांनी एकदा मोजतात. मूल पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभं राहिलं, बाबाने घाईघाईने फोटो काढला आणि त्यावर लिहिली गेली चार मिनिटांपूर्वीची, तो सोफ्यावर आडवा होता तेव्हाची नाडी. आकडा खरा, क्षण खरा, पण दोघांची गाठ खोटी. दहा वर्षांनी तो फोटो पाहणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. ब्लूटूथ भिंतीतून जातं. माझ्या फोनला शेजारच्या घरातलं तापमापक ऐकू येऊ शकतं, आणि तिथे एसी लावलेला असेल तर माझ्या घामेजलेल्या फोटोवर त्यांचा गारवा लिहिला जाईल. संदेशाच्या जोरावरून अंतर ठरवावं म्हटलं तर तेही भरवशाचं नाही. माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. तापमापकाकडे पाठ करून उभं राहिलं तरी ते दूर गेल्यासारखं वाटतं. खरं तर तापमापक स्वतःच्या जागेचं तापमान सांगतं, फोटोतल्या माणसाच्या जागेचं नव्हे. आई खिडकीशी होती, तापमापक आतल्या भिंतीवर. त्या दोन जागांमध्ये पावसाचा वारा होता.

यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. आकड्यासोबत साक्षीदाराचं नाव लिहायचं : कोणत्या प्रकारच्या यंत्राने सांगितलं, ते यंत्र माझं आहे का, कुठे बसवलेलं आहे, आकडा किती सेकंद जुना आहे. एक्झिफच्या तापमानाच्या रकान्यात फक्त एक संख्या मावते, साक्षीदाराला जागा नाही. पण फोटोत एक्झिफशेजारी एक्सएमपी नावाचा दुसरा कप्पा ठेवता येतो. अडोबीने तो २००१ साली आणला आणि २०१२ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात हवी तशी रचना करता येते. हे सगळं तिथे नीट बसतं, कुणीही वाचू शकेल अशा साध्या मजकुरात. ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कॅमेरा कंपन्यांना स्वतःच्या खाजगी नोंदींसाठी ‘मेकरनोट’ नावाचा एक रकाना दिलेला आहे आणि त्यात काय आहे ते कंपन्या सहसा सांगत नाहीत. जगभरच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून त्यांतला बराच भाग उलगडला आहे. नातवंडांनी वाचाव्यात अशा नोंदी तिथे ठेवू नयेत.

हल्ली फोटोवर डिजिटल सही करण्याची पद्धत येते आहे. अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी २०२१ मध्ये त्यासाठी सीटूपीए ही संघटना उभी केली, आणि २०२३ मध्ये लायकाने अशी सही करणारा एम११-पी हा कॅमेरा बाजारात आणला. ही गोष्ट चांगलीच आहे. पण सही एवढंच सांगते की फोटो कुठून आला आणि नंतर त्याला कुणी हात लावला का. तापमापक उन्हात टांगलेलं होतं की सावलीत, हे सही सांगू शकत नाही.

आता माणसांकडे येते. आतापर्यंतचं बोलणं खोलीच्या हवेबद्दल होतं आणि हवा तक्रार करत नाही.

२००५ च्या सुमारास बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्क डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. फोटो काढताना फोन आसपासच्या इतर फोनांची ब्लूटूथवरून नोंद घेई, आणि फोटोत कोण आहे हे ओळखायला चेहऱ्याच्या जोडीला ती नोंद वापरली जाई. चेहरा अंधारात असला, पाठमोरा असला, तरी फोन जवळ होता म्हणजे माणूस जवळ असणार. कल्पना हुशारीची आहे आणि तिच्यामागचा हेतूही साधा होता, हजारो फोटोंतून हवा तो सापडावा. पण तिचा पुढचा अर्थ लक्षात घ्या. फोटोच्या चौकटीबाहेर उभा असलेला माणूसही त्याच्या पाठीवर लिहिला जाऊ शकतो. तो कॅमेऱ्याकडे पाहून हसलेला नाही, ‘माझा नको काढू’ म्हणायची संधी त्याला मिळालेली नाही. तो नुसता तिथे होता.

काही जण म्हणतात, त्याचा फोन तर स्वतःच हवेत ओरडून सांगत होता, आपण नुसतं ऐकलं. हे मला पटत नाही. हवेत सोडलेला संदेश क्षणात विरतो. फोन बनवणाऱ्यांनी तर मुद्दाम अशी व्यवस्था केली आहे की ब्लूटूथवर दिसणारा फोनचा पत्ता साधारण १५ मिनिटांनी बदलत राहावा, म्हणजे कुणाला मागावर राहता येऊ नये. तोच संदेश फोटोत लिहिला की तो वेळ, ठिकाण आणि चित्र यांच्यासह कायमचा खिळला जातो. फोनने नाव सांगितलं नाही तरी इतर अनेक यंत्रं स्वतःचं नाव सांगतात, आणि लोक आपल्या इयरफोनला आपलंच नाव देतात. मग पत्ता बदलून काय उपयोग?

पाठीवरच्या नोंदी काय करू शकतात हे जगाने पाहिलेलं आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सॉफ्टवेअर उद्योजक जॉन मॅकाफी लपून राहत होते. त्यांच्यासोबत असलेल्या पत्रकारांच्या मासिकाने त्यांचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि फाइलमधल्या अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं. हा एका ठिकाणाच्या नोंदीचा परिणाम. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशावरून लष्करी तळांच्या आतल्या वाटा लोकांच्या ध्यानात आल्या. धावणाऱ्या सैनिकांनी तर फोटोही काढला नव्हता, मनगटावरच्या यंत्राने बोललं ते पुरलं. तेव्हापासून काही बांध घातले गेले. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून फोटोतलं ठिकाण वाचायला अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते, आणि त्याच वर्षीच्या आयओएस १३ पासून फोटो पाठवताना ठिकाण वगळता येतं. पण हे बांध ठिकाणापुरते आहेत. उद्या पाठीवर नाडी असेल, कोण जवळ होतं याची यादी असेल, तर त्यांनाही असाच बांध हवा आणि तो आधीच हवा.

मी आईला विचारलं होतं. तिच्या घड्याळाची जोडणी माझ्या फोनला करता आली असती. मी तिला सगळं समजावून सांगितलं, फोटोबरोबर तुझी नाडीही राहील, पुढे कधी पाहिलं तर कळेल तू किती निवांत होतीस. तिने पुस्तक मिटलं, बोट खुणेसाठी आत तसंच. “अगं, मी निवांत होते ते तोंडावर दिसतंय की. नाडी डॉक्टरला दाखवेन. तू खोलीचं काय ते लिही, पाऊस लिही.” मी पुन्हा विचारलं नाही. तिचा नकार मला पटला, कारण नाडी हा तिच्या शरीराचा आतला भाग आहे, आणि फोटो हा शेवटी दुसऱ्यांनी पाहायचा असतो. हा भेद तिला मानकं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर समजला.

ही माहिती आठवणीला खरंच मदत करते का, असं मला विचारतात. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सेन्सकॅम नावाचा गळ्यात घालायचा कॅमेरा केला होता. प्रकाश बदलला, समोर माणसाच्या शरीराची ऊब जाणवली, हालचाल झाली की तो आपोआप फोटो काढी. केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रुक्स रुग्णालयात स्मृती गमावलेल्या एका स्त्री रुग्णाबरोबर तो वापरला गेला, आणि ती चित्रं पुन्हा पुन्हा पाहिल्यावर एरवी पुसले गेलेले प्रसंग तिला महिन्यांनंतरही सांगता येऊ लागले. तिथे आठवण चित्रांनी जागवली, सेन्सरने फक्त कधी पाहायचं ते ठरवलं. त्यामुळे आकड्यांनी आठवण परत येते असा दावा मी करणार नाही. पण आर्द्रता ९० टक्के हे वाचलं की मला चिकटलेली पानं आठवतात आणि त्यांमागून आईची फुंकर. आजोबांचे दोन शब्द हेच करतात.

सध्या हे काम मी हातानेच करते. तापमापक आपली नोंदवही ठेवतं, फोटोला वेळ असते, दोन्हींची घड्याळं आधी जुळवून घ्यायची आणि मग फिल हार्वी यांच्या एक्झिफटूल या मोफत साधनाने तापमान आणि आर्द्रता मूळ फाइलच्या रकान्यांत लिहायची. साक्षीदाराची माहिती एक्सएमपीत. वर्णन मराठीत. या मराठीवरून आठवलं : फोटोचं वर्णन आणि काढणाऱ्याचं नाव या रकान्यांना एक्झिफच्या मानकात फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी, अक्षरं चालत. देवनागरीला तिथे अधिकृत वाट मिळाली ती २०२३ सालच्या ३.० आवृत्तीत. आवाजाच्या पातळीला मात्र अजून रकानाच नाही, आणि नाडीलाही नाही.

नाडी लिहायची वेळ आली ती एका मैत्रिणीमुळे. लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर मी तिचा फोटो काढला होता. तिने छातीला पट्टा बांधला होता आणि त्याची नोंद तिने स्वतःच मला पाठवली, “हे त्या फोटोत घाल.” १७८. पट्टा तिचा, आकडा एक सेकंद जुना, लिहायला सांगणारी ती स्वतः, हे तिन्ही मी आकड्याशेजारी लिहिलं. मेसेजमधून फोटो म्हणून पाठवला तर अ‍ॅप चित्र दाबून लहान करतं आणि पाठीवरचं सगळं पुसून टाकतं, हे तिला माहीत होतं. म्हणून फाइल मागताना तिने बजावलं, “डॉक्युमेंट म्हणून पाठव गं, नाहीतर माझे १७८ वाटेतच गळून पडतील.”